डायलॉग बॉक्समधल्या बटणांवर काय लिहायचं? "ठीक आहे" आणि "रद्द करा" पुरेसं नाही

गोदाकाठ (धागाकर्ता)

सध्या दूध संकलन केंद्रांवर वापरायच्या एका सॉफ्टवेअरचे मराठी स्क्रीन नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आहे. ज्यांनी केंद्र बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, सकाळी सहाच्या सुमाराला उत्पादक कॅन घेऊन रांगेत उभे असतात, ऑपरेटर सभासदाचा कोड टाकतो, काट्यावरून लिटर येतात, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, दर लागतो, पावती निघते, पुढचा माणूस. एका माणसाला मिनिटभरही मिळत नाही. यात कधीतरी एकाचं दूध दुसऱ्याच्या कोडवर पडतं आणि ती नोंद काढायची वेळ येते, तेव्हा सध्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हा बॉक्स येतो:

नोंद रद्द करायची आहे का?
[ठीक आहे] [रद्द करा]

आता तुम्हीच सांगा, नोंद रद्द करायला कुठलं बटण दाबाल? ऑपरेटर सरळ "रद्द करा" दाबतो, बॉक्स जातो, त्याला वाटतं काम झालं. पण ते "रद्द करा" नोंदीसाठी नाहीच, ते बॉक्ससाठी आहे, त्यामुळे नोंद तिथेच राहते. मग तो बरोबर कोडवर परत नोंद करतो, म्हणजे एकच दूध दोन खात्यांवर, आणि हे उघडकीला येतं दहा दिवसांचं बिल निघाल्यावर, जेव्हा एकूण लिटर आणि टँकरमध्ये गेलेलं दूध जुळत नाही. सचिव ऑपरेटरला बोलतो, ऑपरेटर म्हणतो मी रद्द केलं होतं, आणि तो खरंच बोलत असतो. त्याने तेच बटण दाबलेलं असतं ज्यावर रद्द करा लिहिलंय.

माझं म्हणणं असं आहे की वरचा प्रश्न पुसून टाकला तरी नुसत्या बटणांवरून कळलं पाहिजे की दाबल्यावर काय होणार. मी सध्या असं लिहिलंय:

गणेशवाडी केंद्र, कोड ११४, सकाळ, ८.५ लिटर. ही नोंद काढून टाकायची?
[नोंद काढून टाका] [नोंद राहू द्या]

(केंद्राचं नाव नमुन्यादाखल घातलंय.)

ज्यांनी मराठी किंवा कुठल्याही भाषेत असं काम केलंय, किंवा जे रोज असे बॉक्स बघतात, त्या सगळ्यांचं मत हवंय. पटलं नाही तर स्पष्ट सांगा.

---

अर्धविराम

महत्त्वाचा धागा. हे आलं कुठून तेही सांगतो, कारण ऑपरेटरचा दोष नाही तसा बऱ्याचदा प्रोग्रामरचाही एकट्याचा नसतो. विंडोजमध्ये मेसेजबॉक्स नावाचं तयार फंक्शन आहे, एका ओळीत बॉक्स उभा राहतो, पण बटणं ठरलेल्या संचांमधूनच घ्यायची. ओके, ओके-कॅन्सल, येस-नो, येस-नो-कॅन्सल, रिट्राय-कॅन्सल, अबॉर्ट-रिट्राय-इग्नोर वगैरे. स्वतःचा शब्द घालायची सोयच नाही. त्यामुळे प्रोग्रामर काय करतो तर प्रश्न असा वळवतो की उत्तर ओके-कॅन्सलमध्ये बसावं, आणि प्रश्न जर कॅन्सल करण्याबद्दलच असला तर तुमच्या केंद्रासारखं होतं.

त्याच्याही आधी डॉसमध्ये फ्लॉपी न घालता ए ड्राइव्हला गेलं की "अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर?" यायचं, पुढच्या आवृत्त्यांमध्ये "फेल" आलं. तिन्हीत नक्की फरक काय हे ज्याला ठाऊक नाही त्याने कुठलं अक्षर दाबायचं? आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये रिट्राय दाबत बसायचो कारण तोच एक शब्द कळायचा.

मॅकवर मात्र सेव्ह न केलेली फाईल बंद करताना सेव्ह, डोन्ट सेव्ह, कॅन्सल अशी क्रियापदाची बटणं बऱ्याच आधीपासून आहेत. विंडोजच्या नोटपॅडमध्ये एक्सपीपर्यंत येस-नो-कॅन्सल होतं, व्हिस्टामध्ये (२००७) ते सेव्ह, डोन्ट सेव्ह, कॅन्सल झालं. त्याच व्हिस्टात टास्क डायलॉग आला ज्यात प्रोग्रामरला बटणावर हवा तो शब्द लिहिता येतो. म्हणजे सोय होऊन इतकी वर्षं झाली तरी आपण जुनाच बॉक्स वापरतोय. तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही बहुतेक तोच असणार, एकदा कोडमध्ये बघा, नुसते शब्द बदलून चालणार नाही.

अजून एक, शब्द ठरवलेत तरी माणसांसमोर ठेवून बघाच. ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर ओकेच्या जागी आधी "डू इट" होतं. चाचणीत काही लोक ते बटण दाबायचंच टाळत होते. नंतर कळलं की अक्षरं इतकी जवळजवळ होती आणि कॅपिटल आय छोट्या एलसारखा दिसत होता, त्यामुळे ते "डोल्ट" वाचत होते, म्हणजे मठ्ठ. मग ते ओके झालं. टेबलावर बसून हे कुणाच्या लक्षात आलं नसतं.

---

सह्यवेडा

मी थोडा विरोधात आहे. होय आणि नाही हे दोन शब्द सगळ्यांना कळतात, लहान आहेत, कुठल्याही स्क्रीनवर बसतात. प्रश्न नीट लिहा, "ही नोंद काढून टाकायची? होय / नाही", प्रॉब्लेम सुटला. प्रत्येक बॉक्सला वेगळं बटण लिहायचं म्हणजे शेकडो शब्द, प्रत्येक शब्दाचं टेस्टिंग, आणि वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी नवीन वाचायचं. रांगेत लोक उभे असताना माणसाला ओळखीचं काहीतरी हवं असतं असं मला वाटतं.

---

गोदाकाठ

सह्यवेडा, प्रश्न नीट लिहिणं हवंच, पण प्रश्न वाचला जातो हे गृहीत कसं धरायचं? मी केंद्रावर उभा राहून बघितलंय, बॉक्स आला की नजर थेट बटणावर जाते, वरचं वाक्य नजरेच्या कडेला असतं. होय-नाहीचा अर्थ पूर्णपणे वरच्या वाक्यात आहे. वाक्य वाचलं नाही तर होय म्हणजे कशाला होय?

हवाईचं उदाहरण बघा. १३ जानेवारी २०१८, सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी तिथल्या आपत्कालीन यंत्रणेतून सगळ्या फोनवर इशारा गेला की क्षेपणास्त्र येतंय, आसरा घ्या, हा सराव नाही. खरं तर सराव चालला होता. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, चौकशी केली त्यात आलं की इशारा पाठवण्याआधी सॉफ्टवेअर खात्री करायला विचारत होतं, पण सरावाचा संदेश असो की खरा, विचारायचे शब्द तेच. हा इशारा पाठवायचा हे नक्की का? होय. लाखो लोकांपर्यंत जाणारी गोष्ट आणि सराव, दोन्हींसाठी एकच प्रश्न आणि एकच होय.

---

सह्यवेडा

ते उदाहरण मलाही माहीत आहे आणि पूर्ण सांगायला हवं. तो इशारा पाठवणाऱ्या माणसाला त्या क्षणी हल्ला खराच आहे असं वाटलं होतं, असं त्याचं म्हणणं चौकशीत नोंदलंय. मग बटणावर "सगळ्या हवाईला खरा इशारा पाठवा" लिहिलं असतं तरी त्याने दाबलंच असतं. बटणाचे शब्द गैरसमज दूर करत नाहीत. तिथे खरी उणीव दुसरी होती, चूक कळल्यावर ती मागे घेणारा संदेश तयारच नव्हता, तो लोकांच्या फोनवर जायला ३८ मिनिटं लागली. नंतर त्यांनी तो तयार करून ठेवला आणि पाठवायला दोन माणसं लागतील असं केलं. म्हणून मी म्हणतो की बटणावर इतका जीव टाकण्यापेक्षा चूक परत फिरवता येईल असं करा. जीमेलमध्ये मेल पाठवल्यावर काही सेकंद "अनडू" येतं, पाठवायच्या आधी "नक्की पाठवू का" असं विचारत नाही. तुमच्या केंद्रावर पण काढलेली नोंद बिल निघेपर्यंत परत आणता आली तर बॉक्सच लागणार नाही.

---

गोदाकाठ

हे मान्य. एकदम मान्य. काढलेली नोंद खोडलेल्या रेघेसकट यादीत दिसेल आणि परत घेता येईल असं करायला सांगतो, कागदी रजिस्टरमध्ये सचिव तेच करायचे, खोडून बाजूला सही. पण तरी काही गोष्टी परत फिरत नाहीत. शिफ्ट बंद करून आकडे दूध संघाला गेले की गेले. बिल बँकेत गेलं की गेलं. तिथे बॉक्स राहणारच आणि तिथेच बटणं सगळ्यात स्पष्ट हवीत.

---

खतावणी

बँकेत आयुष्य गेलं, आता निवृत्त. तुमच्या शेवटच्या वाक्यावरून सिटीबँकेचं प्रकरण सांगतो, कारण ते कोर्टाच्या कागदपत्रांत सविस्तर आलंय.

११ ऑगस्ट २०२०. रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावर कर्ज देणाऱ्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं. सिस्टीम फ्लेक्सक्यूब, म्हणजे आपल्या मुंबईच्या आय-फ्लेक्सचं सॉफ्टवेअर, पुढे ओरॅकलने घेतलं. मुद्दल बाहेर न जाता बँकेच्याच आतल्या खात्यात वळवायची तर तीन खुणा कराव्या लागत होत्या, प्रिन्सिपल, फ्रंट आणि फंड. या तीन शब्दांवरून कुणाला कळेल की यातला एकही भरायचा राहिला तर मुद्दल बँकेबाहेर जाईल? एकच भरला गेला. करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा, तिघांनाही ते बरोबर वाटलं. आणि शेवटी बॉक्स आलाच होता! त्यात इतकंच की हे वायर खातं आहे, पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचं का? आता व्याज तर बाहेर जाणारच होतं, त्यामुळे वाक्य खरंच वाटलं. पुढे जा. जवळपास ९० कोटी डॉलर बँकेच्या स्वतःच्या पैशातून गेले. काहींनी परत केले, बाकीच्यांनी ठेवून घेतले, खालच्या कोर्टात २०२१ मध्ये सिटी हरली, वरच्या कोर्टात २०२२ मध्ये निकाल फिरला.

मला यातून एकच गोष्ट दिसते की त्या बॉक्समध्ये रक्कम नव्हती. बटणावर किंवा त्याच्या शेजारी "८९ कोटी डॉलर पाठवा" असं असतं तर तिघांपैकी एकाचा तरी हात थांबला असता असं मला मनापासून वाटतं. आमच्या काळी चेक पास करताना आकडा आणि अक्षरी दोन्ही बघायची सवय होती ती उगाच नव्हती. तेव्हा गोदाकाठ, तुम्ही प्रश्नात कोड आणि लिटर घातलेत ते अजिबात काढू नका, आणि बिलाच्या बॉक्समध्ये बटणावरच रक्कम घाला. [₹ ४,१२,३५० बँकेला पाठवा] असं.

---

निळीशाई

मी बारा-पंधरा भाषांमध्ये जाणाऱ्या ॲप्सचं मराठी करते, त्यामुळे इथे बोलल्याशिवाय राहवत नाही. गोदाकाठ, तुमचा विचार पटला पण लेबल पटलं नाही. कारण सांगते.

इंग्रजीत क्रियापद आधी येतं. बटण लहान पडून शब्द कापला गेला तरी डिलीट दिसतं, मागचं कापलं जातं. मराठीत क्रियापद शेवटी. "सकाळच्या शिफ्टची नोंद काढून टाका" हे लहान फोनवर "सकाळच्या शिफ्टची नों…" होतं, आणि दुसरं बटणही "सकाळच्या शिफ्टची नों…". दोन्ही बटणं हुबेहूब सारखी! मी हे प्रत्यक्षात बघितलंय, आणि इंग्रजीच्या मापाने बटणाची रुंदी ठरवली की हे हमखास होतं.

तुमची दोन्ही बटणं "नोंद" ने सुरू होतात, फरक शेवटी. म्हणून मी म्हणेन की कर्म प्रश्नात ठेवा आणि बटणावर फक्त क्रिया, आणि दोन्हींची पहिली अक्षरं वेगळी:

[काढून टाका] [राहू द्या]

"राहू द्या" मला फार आवडलं बरं का. रद्द करा, मागे जा, बंद करा या सगळ्यांपेक्षा त्यात काय होणार ते सरळ कळतं, आहे तसं राहील. आपण दुकानातही तसंच म्हणतो, राहू द्या.

दुसरं, प्रथमपुरुषी बटणं मराठीत लिहू नका. मूळ इंग्रजीत "आय ॲग्री" असतं ते लोक "मी स्वीकारतो" करून टाकतात. बाईने काय करायचं? "स्वीकारतो/ते" अशी तिरकी रेघ बटणावर वाईट दिसते. "मी सहमत आहे" चालतं कारण त्यात लिंग येत नाही, पण त्याहून सरळ "अटी मान्य करा" किंवा नुसतं "मान्य". आज्ञार्थी "करा" घेतलं की हा प्रश्नच येत नाही, आणि आदरही राहतो. "कर" मात्र नको, मशीनने कुणाला एकेरीत बोलू नये.

तिसरं, "हटवा" की "काढून टाका" की "पुसा" की "खोडा" यावर आमच्यात नेहमी वाद होतो. "हटवा" सगळीकडे रुळलंय पण मला ते माणसाला बाजूला सारल्यासारखं वाटतं. केंद्रावरचे लोक काय म्हणतात ते बघा आणि तेच घ्या. "जतन करा" चं पण तसंच, ऑपरेटर जर "सेव्ह" म्हणत असेल तर "सेव्ह करा" लिहा, भाषा बाटत नाही त्याने.

---

अर्धविराम

+१ निळीशाई ताई. आणि मात्रा! बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने असली की "की", "टू", "द्ध्या" वगैरेचं वरचं खालचं कापलं जातं. जुन्या कमी रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर "रद्द" मधला द्द नुसता काळा ठिपका दिसतो.

---

गोदाकाठ

निळीशाई ताई, कापलं जाण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, बदलतो. केंद्रावर "नोंद खोडा" म्हणतात सगळे, खोडणं हाच शब्द आहे त्यांचा. मग [खोडा] [राहू द्या]. पण मग माझीच जुनी अट मोडते, की प्रश्न झाकला तरी बटणावरून कळावं. "खोडा" मधून काय खोडा ते जातं.

---

निळीशाई

काय खोडायचं ते गेलं तरी काहीतरी जाणार आहे हे राहतं ना. होय-नाहीत ते पण राहत नाही. जिथे जागा आहे तिथे कर्म घाला, जिथे नाही तिथे क्रिया सांभाळा. दोन्हीपैकी एक सोडायचं झालं तर कर्म सोडावं असं माझं मत.

---

कानसेन

मी अंध आहे, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारे प्रोग्राम, वापरतो. डोळस लोक प्रश्न न वाचता बटण बघतात असं वर म्हटलंय, आमच्या बाबतीत ते अजून पुढे आहे. बॉक्स नीट बनवलेला असेल तर उघडल्याबरोबर त्याचं शीर्षक आणि मजकूर वाचला जातो. पण पुष्कळ वेबसाइटवर तो खरा डायलॉग नसतोच, नुसता चौकोन रंगवलेला असतो, स्क्रीन रीडरला काही सांगितलेलंच नसतं. मग मी बोट फिरवतो आणि ऐकू येतं "ठीक आहे, बटण". "रद्द करा, बटण". कशाला ठीक आहे? प्रश्न शोधत मागे जावं लागतं.

आणि निळीशाई ताईंचा पहिल्या अक्षरांचा मुद्दा माझ्यासाठी तर फारच खरा आहे. आम्ही वेग वाढवून ऐकतो आणि पहिला तुकडा कानावर पडला की पुढे जातो, पूर्ण वाक्य कोण ऐकत बसतं. "नोंद काढून टाका" आणि "नोंद राहू द्या" दोन्ही "नों" ने सुरू, म्हणजे प्रत्येक वेळी शेवटपर्यंत थांबायचं. "खोडा" आणि "राहू द्या" असेल तर अर्ध्या अक्षरात कळतं.

दोन विनंत्या. नुसती बरोबरची आणि फुलीची खूण देऊन बटण करू नका, आत नाव लिहिलेलं नसेल तर आम्हाला "लेबल नसलेलं बटण" इतकंच ऐकू येतं, आणि ते दाबायला खरंच भीती वाटते. आणि दिसणारं नाव एक आणि आत स्क्रीन रीडरसाठी लिहिलेलं नाव दुसरं असं करू नका. माझा एक मित्र हात वापरू शकत नाही, तो आवाजाने फोन चालवतो, त्याला "खोडा" दिसतं म्हणून तो "खोडा" म्हणतो आणि आत "डिलीट एंट्री" लिहिलेलं असतं, काहीच होत नाही. डब्ल्यूसीएजी २.१ या वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या निकषांमध्ये २०१८ पासून याचा स्वतंत्र निकष आहे, दिसणारा मजकूर आतल्या नावात असलाच पाहिजे.

रंगाचंही तेच, लाल बटण म्हणजे धोका हे मला नाहीच कळणार, आणि लाल-हिरवा न कळणारे डोळस लोकही पुष्कळ आहेत. रंग द्या पण शब्दाच्या जागी नको.

---

कंस

वेब करणाऱ्यांसाठी. जावास्क्रिप्टचं कन्फर्म, म्हणजे ब्राउझरचा तयार ओके-कॅन्सल बॉक्स, वापरू नका, मराठी साइटवर तर मुळीच नको. त्याची बटणं तुमच्या हातात नाहीत, ब्राउझर ठरवतो आणि ब्राउझरच्या भाषेत दाखवतो. म्हणजे वर तुमचा शुद्ध मराठी प्रश्न आणि खाली इंग्रजीत ओके, कॅन्सल. "अर्ज रद्द करायचा?" ओके / कॅन्सल. परत गोदाकाठांचाच घोळ, आता दोन भाषांत. पान सोडताना येणाऱ्या इशाऱ्याचं वाक्यही आता लिहिता येत नाही, क्रोमने ते २०१६ मध्येच बंद केलं कारण फसवणाऱ्या साइट त्यात वाटेल ते लिहून माणसाला अडकवून ठेवत होत्या. एचटीएमएलचं डायलॉग एलिमेंट वापरा, मार्च २०२२ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये चालतं, बटणं तुमची, आणि नीट उघडलं तर कानसेन म्हणतात तो स्क्रीन रीडरला बॉक्स न कळण्याचा प्रश्नही बराचसा सुटतो.

---

रानजाई

तुम्ही सगळे चांगल्या हेतूने चुकणाऱ्या बटणांबद्दल बोलताय, मी मुद्दाम चुकवणाऱ्यांबद्दल लिहिते कारण माझ्या सासूबाई त्यात अडकल्या होत्या. तिकीट काढताना विमा नको असेल तर "नाही, मी धोका पत्करतो" अशा अर्थाचं बटण. विमा घेतला नाही म्हणून माणसाला अपराधी का वाटावं? आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला मुद्दाम चुकवणाऱ्या रचनेबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार आहेत, आणि लाज वाटायला लावणारं हे नकाराचं बटण त्यातला एक. उदाहरणही विमान तिकिटाच्या विम्याचंच दिलंय. उलटसुलट प्रश्न विचारून होय कशाला आणि नाही कशाला ते कळू न देणं हा वेगळा प्रकार, त्यालाही तिथे स्वतंत्र नाव आहे. फ्रान्समध्ये तर कुकी नाकारणं स्वीकारण्याइतकं सोपं नव्हतं म्हणून तिथल्या सीएनआयएल या खासगी माहितीच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड लावला, जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. म्हणजे बटणाचे शब्द आणि जागा ही आता कायद्यातली गोष्ट आहे.

आणि यूपीआयची कलेक्ट रिक्वेस्ट. "तुम्हाला पैसे पाठवतोय, फक्त मंजूर करा" असं फोनवर सांगून समोरचा पैसे मागायची विनंती पाठवायचा, शेऱ्यात लिहायचा रिफंड, आणि माणूस पिन टाकून स्वतःचेच पैसे देऊन बसायचा. पैसे घ्यायला पिन लागतच नाही हे कितीही सांगितलं तरी त्या घाईत कोण आठवतं. ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवणं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंदच केलं, चांगलं केलं. मला वाटतं तिथे बटणावर नुसतं "पे" असण्यापेक्षा "तुमच्या खात्यातून ₹ २,००० जातील" असं असतं तर माझ्या सासूबाई थांबल्या असत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मराठी वाचता येतं, आणि "जातील" हा शब्द त्यांनी नक्की वाचला असता.

---

खतावणी

रानजाई ताई, अगदी. "जातील" आणि "येतील". पैशाच्या प्रत्येक बटणावर यातला एक शब्द हवाच.

---

सह्यवेडा

बरंच पटलं. होय-नाही धरून बसत नाही आता, पण दोन गोष्टी घ्या.

एक, जागा. विंडोजमध्ये ओके डावीकडे आणि कॅन्सल उजवीकडे, मॅकमध्ये उलट, मुख्य बटण सगळ्यात उजवीकडे, लिनक्सवर गनोम डेस्कटॉपने २००२ च्या २.० आवृत्तीपासून मॅकसारखं घेतलं. त्यामुळे "डावीकडचं दाबा" असं फोनवर सांगणाऱ्या सपोर्टवाल्यांचं काय होतं ते विचारू नका. तुमचं जे आहे ते सगळ्या बॉक्समध्ये एकाच जागी ठेवा, एका ठिकाणी "राहू द्या" उजवीकडे आणि दुसरीकडे डावीकडे असं झालं तर शब्द कितीही चांगले असू देत, हात जुन्या जागी जाणार.

दोन, एंटर. केंद्रावर ऑपरेटर एंटर-एंटर करत पुढे जात असणार. एंटरवर कुठलं बटण आहे?

---

गोदाकाठ

सध्या एंटरवर पहिलं बटण आहे, म्हणजे खोडणारं. ते बदलणारच आहे, एंटर नेहमी "राहू द्या" वर. मेसेजबॉक्समध्येसुद्धा दुसरं बटण आधीपासून निवडलेलं ठेवायची सोय होती, कुणी वापरली नाही.

आणि यातून एक वेगळी गोष्ट निघते. आमच्या ऑपरेटरचा उजवा हात कायम नंबरपॅडवर असतो, कोड आकड्यांतच असतो, डावा हात सॅम्पलच्या बाटलीवर. माउस धूळ खात पडलेला, एस्केप बटण लांब डाव्या कोपऱ्यात. म्हणून मी बटणांवर आकडे घालायचा विचार करतोय:

[१ खोडा] [२ राहू द्या]

आकडा दाबला की काम झालं. कसं वाटतं?

---

कानसेन

ऐकायला छान, "एक खोडा", "दोन राहू द्या". पण मग परत सुरुवात आकड्याने होते, तो प्रत्येक बॉक्समध्ये तोच ठेवा, म्हणजे दोन म्हणजे कायम राहू द्या.

---

कंस

गोदाकाठ, थांबा, यात मोठी अडचण आहे. ऑपरेटर ११४ टाइप करतोय आणि मध्येच काट्याचं कनेक्शन तुटलं वगैरे कारणाने बॉक्स वर आला, तर कोडमधला पुढचा १ थेट त्या बॉक्सला जाईल. वाचायच्या आधीच खोडलं जाईल. सेंडच्या घाईत बॉक्स मध्ये येऊन चुकीचं दाबलं जाणं सगळ्यांनाच माहीत आहे, तुमच्याकडे तर कोड आणि बटण दोन्ही आकड्यांतच, म्हणजे ते रोज होणार.

फायरफॉक्समध्ये काही धोक्याच्या बॉक्समध्ये बटण उघडल्यावर लगेच चालू होत नाही, साधारण एक सेकंद थांबतं, नेमकं याचसाठी, की टाइप करता करता किंवा क्लिक करता करता माणसाकडून चुकून होकार जाऊ नये. तुम्ही पण बॉक्स आल्यावर तेवढा वेळ कुठलीच की घेऊ नका. आणि खोडण्याला १ किंवा २ देऊ नका, जो आकडा कोडच्या सुरुवातीला कधीच येत नाही तो द्या.

---

गोदाकाठ

तुमचं बरोबर आहे, हे फार मोलाचं सांगितलंत. सभासदांचे कोड ० ने कधीच सुरू होत नाहीत, पण मधे येतात, ४०७ वगैरे. मग खोडण्याला आकडा नकोच, नंबरपॅडवरची वजाबाकीची खूण देतो, ती कोडमध्ये कुठेच येत नाही आणि वजा म्हणजे काढणं हे ऑपरेटरला सांगायलाही लागणार नाही. एंटर म्हणजे राहू द्या. एक सेकंद काहीच घ्यायचं नाही. असं होईल:

कोड ११४, आजची सकाळ, ८.५ लिटर. ही नोंद खोडायची? बिल निघेपर्यंत परत घेता येईल.
[− खोडा] [एंटर राहू द्या]

शिफ्ट बंदसाठी:

सकाळची शिफ्ट, ६२ नोंदी, ५४१.५ लिटर. हे आकडे संघाला जातील, नंतर बदलता येणार नाहीत.
[− शिफ्ट बंद करा] [एंटर चालू ठेवा]

---

निळीशाई

पहिला उत्तम. दुसऱ्यात वजाची खूण नको, तिथे काही खोडलं जात नाही, पाठवलं जातंय. आणि "शिफ्ट बंद करा" च्या जागी "संघाला पाठवा" लिहा, कारण परत न फिरणारी गोष्ट तीच आहे. "चालू ठेवा" ठीक, पण काय चालू ते "शिफ्ट चालू ठेवा" असं लिहायला इथे जागा आहे, लिहून टाका.

---

गोदाकाठ

बरोबर, "संघाला पाठवा". त्याला अधिकची खूण देऊ की वेगळी की ठेवू हे उद्या सकाळी केंद्रावरच दोन्ही लावून बघतो, ऑपरेटरचा हात कुठे जातो ते बघून इथे लिहितो.